कांचपट्टीवरील साध्यासाध्यविचार

रात्रीच्या अंधारांत मांजराचे डोळे चमकतांना सर्वांनींच पाहिलेले असतात आणि त्यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. परंतु गिरगांवांतील एखाद्या चाळींत दिवेलागणीच्या वेळीं दोन वर्षांचें मूल आईच्या मांडीवर बसून दूधभात खात आहे, दिवा एका अंगाला आहे, आणि मुलानें मान वळवितांच त्याच्या एका डोळ्याची बाहुली काळी न दिसतां पांढुरकी चकाकून गेली, तर त्या आईच्या काळजांत धस्स होतें तें उगाच नव्हे. व्हिएन्ना येथील नेत्रवैद्य बेअर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या लक्षणास 'आंधळा मांजरडोळा' अशाच अर्थाचें नांव दिलें होतें. अलीकडे तें लक्षण पुष्कळदां छायाचित्रांत प्रथम सांपडतें. वाढदिवसाचा समारंभ असतो, झगझगीत प्रकाशामुळें सर्वांच्या बाहुल्या तांबड्या उमटलेल्या असतात, आणि ज्याचा वाढदिवस त्याची मात्र एक तांबडी व एक पांढरी. पांढरी बाहुली म्हणजे कर्करोगच असें मुळींच नाहीं. मोतीबिंदूनें, जंताच्या उपद्रवानें किंवा डोळ्यांतील जन्मजात व्यंगानेंही ती दिसते. तथापि ज्या रोगाच्या शंकेनें डॉक्टर अशा मुलाला त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत धाडतो, तो रोग म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. वैद्यकाच्या भाषेंत रेटिनोब्लास्टोमा.

हा रोग बहुतेक पांच वर्षांच्या आंतील मुलांचा आहे. सुमारें पंधरा ते वीस हजार जन्मांमागें एका मुलास तो होतो. प्रमाण असें अल्प असलें तरी ज्या देशांत जन्मच इतके होतात, त्या भारतांत या रोगाचीं मुलें जगांतील कोणत्याही देशापेक्षां अधिक सांपडतात. रोग डोळ्यांतच आहे तोंवर उपचार झाले तर बहुतेक सर्व मुलें वांचतात. साधनसंपन्न देशांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक वांचतात असा अनुभव आहे. रोग डोळ्याबाहेर पडून मेंदूकडे किंवा हाडांच्या मगजांत गेला, म्हणजे हें चित्र एकदम पालटतें. एकाच रोगाचीं हीं दोन टोकें आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर कधीं कधीं मिलिमीटरांत मोजावें लागतें.

गांठ मोठी असली, डोळ्याची दृष्टि गेलेली असली, तर तो डोळा काढावा लागतो. शस्त्रक्रिया आटोपून सर्जन बाहेर येतो तेव्हां आईबापांचा प्रश्न एकच असतो : "पोर वांचेल ना?" आणि सर्जन प्रामाणिक असला तर त्याचेंही उत्तर ठरलेलें असतें : तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबा. आपल्या जुन्या वैद्यकानें रोगांचे साध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे शहात्तर रोग सांगून त्यांची अशीच वर्गवारी केली आहे. हा साध्यासाध्यविचार वैद्य रोग्याकडे पाहून, लक्षणें विचारून करीत असे. नेत्रकर्करोगाचा साध्यासाध्यविचार आतां रोग्याच्या बिछान्यापासून दूर, एका खोलींत, सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं बसून होतो. आणि तो करणाऱ्या माणसानें ते मूल कदाचित् कधींही पाहिलेलें नसतें.

मुंबईंत ही खोली कोठें आहे असें कोणीं विचारलें तर परळकडे बोट दाखवावें लागेल. गिरण्यांच्या या वस्तींत केईएम रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1926 सालीं उघडलें, मुलांचें वाडिया रुग्णालय त्यानंतर थोड्याच वर्षांत झालें, आणि जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत हाफकिन यांची प्रयोगशाळा तर त्याही आधीं, 1899 पासून नांदत होती. 28 फेब्रुवारी 1941 रोजीं येथेंच टाटा मेमोरियल हॉस्पिटलाचें उद्घाटन झालें. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे देण्यांत आली. लंडन विद्यापीठाची रोगविज्ञानांतील पदवी घेऊन आलेले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तोच विषय शिकविलेले हे गृहस्थ. त्यांचें नांव मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशीं आणि कुष्ठरोगाशीं निगडित आहे. 1944 सालीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. डोळ्याच्या विषयांत येथें त्यांचें स्मरण करण्याचें कारण निराळें आहे. शरीरांतून काढलेला प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेंत आलाच पाहिजे, तो पाहिलाच पाहिजे, आणि जें दिसलें तें लिहून ठेविलेंच पाहिजे, ही शिस्त या शहरांत ज्या पिढीनें रुजविली, तिचे ते अग्रणी होते. तपासणीविना फेकून दिलेला डोळा हा न वाचतां फाडलेल्या पत्रासारखा आहे. दुर्दैवानें असे डोळे अजूनही कोठें कोठें फेकले जातात. दुखणारा आंधळा डोळा म्हणून तो काढला जातो, आंत काय होतें तें कोणी पाहात नाहीं, आणि वर्षभरानें मूल डोळ्याच्या खांचेंत गांठ घेऊन परळला येतें. मग आईबाप दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत पथारी पसरतात आणि ज्या प्रश्नाचें उत्तर वर्षापूर्वीं मिळालें असतें तो पुनः विचारतात.

काढलेला डोळा लहान आंवळ्याएवढा असतो आणि त्याच्या पाठीमागें दृष्टीचा मज्जातंतु जाड सुतळीसारखा लोंबत असतो. हा तंतु जितका लांब मिळेल तितका बरा. दहा ते पंधरा मिलिमीटरांचा तुकडा डोळ्याबरोबर यावा अशी सर्जनाची खटपट असते. बर्लिनचे फॉन ग्रेफे यांनीं एकोणिसाव्या शतकांतच ही सूचना केली होती. डोळा फॉर्मलिनमध्यें एकदोन दिवस ठेवून घट्ट करतात. पुढें जी गोष्ट करावयाची तिचा क्रम फार महत्त्वाचा आहे. डोळा चिरण्यापूर्वीं मज्जातंतूच्या टोंकाची, म्हणजे सर्जनाच्या कात्रीनें जेथें तो तुटला तेथील चकती कापून वेगळी ठेवितात. आधीं डोळा चिरला तर त्यांतील मऊ, भुसभुशीत गांठीचे कण सुरीला चिकटून त्या टोंकावर जाऊन बसावयाचे आणि निरपराध टोंक अपराधी ठरावयाचें! चकती अलग झाली म्हणजे मग डोळा बाहुलीपासून मज्जातंतूपर्यंत उभा चिरतात, मेणांत गोठवितात, आणि मिलिमीटराच्या दोनशेंव्या हिश्शाइतके पातळ पापुद्रे काढून कांचपट्टीवर पसरतात. मध्य अमेरिकेंतील लॉगवुड नांवाच्या झाडाच्या गाभ्यापासून निघणाऱ्या रंगानें पेशींचीं केंद्रकें निळींजांभळीं होतात, इओसिन नांवाच्या दुसऱ्या रंगानें बाकीचा भाग गुलाबी होतो. या दोन रंगांच्या चित्रावर मुलाचें भवितव्य वाचावयाचें असतें.

चित्रांत प्रथम दिसतो तो निळ्या ठिपक्यांचा समुद्र. लहान लहान पेशी, प्रत्येकींत जवळ जवळ सर्व जागा व्यापणारें गडद केंद्रक, भोंवतीं गुलाबी द्रव्य नांवालाच. रक्तवाहिनीच्या आसपास त्या दाट जगतात, रक्तापासून दूर पडल्या कीं मरतात. त्यामुळें मेलेल्या गुलाबी मैदानांत जिवंत निळीं बेटें असा देखावा तयार होतो. मेलेल्या भागांत चुन्याचे कण बसतात. अधूनमधून मात्र या गर्दींत एक सुंदर रचना आढळते : दहावीस पेशी वर्तुळाकार बसलेल्या, मध्यें रिकामी पोकळी, जणुं फुलाच्या पाकळ्या. अमेरिकेंतील सायमन फ्लेक्सनर यांनीं 1891 सालीं व ऑस्ट्रियाचे हुगो विंटरस्टाइनर यांनीं 1897 सालीं या वर्तुळांचें वर्णन केलें. तेव्हांपासून तीं त्या दोघांच्या नांवानें ओळखिलीं जातात. त्या पेशी प्रकाश जाणणाऱ्या पेशी होण्याची अर्धवट धडपड करीत असतात. डोळा बनतां बनतां राहून गेलेला डोळा, असेंच त्यांना म्हणावें. 1970 सालीं तर याहूनही पुढारलेल्या, पुष्पगुच्छासारख्या रचनेचें वर्णन प्रसिद्ध झालें.

साहजिकच विद्वानांना वाटलें कीं, ज्या गांठींत अशीं फुलें पुष्कळ ती सौम्य व जींत एकही नाहीं ती क्रूर असावी. कर्करोगाच्या इतर अनेक जातींत असाच नियम आहे. पेशी जितकी आपल्या मूळ कुळाला धरून, तितकी ती कमी उपद्रवी. परंतु या रोगांत तो नियम फारसा उपयोगी पडत नाहीं. फुलें मुख्यतः अगदीं तान्ह्या मुलांच्या गांठींत अधिक सांपडतात, आणि तान्हीं मुलें लवकर उपचारास आलेलीं असल्यामुळें तशीही बरीं होतात. फुलांचें श्रेय वयाचें होतें, असें नीट मोजल्यावर दिसून येतें. या रोगांत पेशी दिसते कशी, याला दुय्यम महत्त्व आहे. ती उभी कोठें आहे, हाच खरा प्रश्न.

हें पाहावयाचें म्हणजे डोळ्याची रचना एका घरासारखी समजून घ्यावी. सर्वांत आंत दृष्टिपटल. त्याच्या बाहेर कोरॉइड नांवाचा, रक्तवाहिन्यांनीं गच्च भरलेला काळसर थर. आणि सर्वांत बाहेर श्वेतपटलाची जाड पांढरी भिंत. या घराच्या मागील भिंतींत मज्जातंतूचें दार. दृष्टिपटलांतून निघालेले सुमारें बारा लाख तंतु तेथून बाहेर पडतात. हें दार सताड उघडें नसतें. भिंतीचेच धागे त्यांत आडवेउभे विणलेले असल्यामुळें तेथें चाळणीसारखा पडदा असतो व त्याच्या छिद्रांतून तंतु जातात. ही चाळणी म्हणजे घराचा उंबरठा होय. गांठीच्या पेशी मज्जातंतूच्या तोंडाशीं, पण चाळणीच्या अलीकडे असल्या तर चिंता थोडी. चाळणी ओलांडून पलीकडे गेल्या तर चिंता मोठी, कारण तेथून पुढें मज्जातंतूभोंवतीं मेंदूचींच आवरणें आहेत आणि त्या आवरणांत मेंदूला न्हाणारेंच पाणी खेळत आहे. आणि सर्जनानें कापलेल्या अगदीं टोंकावर पेशी आढळल्या, तर त्याचा अर्थ रोगाचा कांहीं भाग आंतच राहिला आहे असा होतो. अहवालांतील सर्वांत वाईट वाक्य तें हेंच. आंधळ्या डोळ्याच्या तंतूंतून रोग मेंदूकडे जातो हें स्कॉटलंडचे जेम्स वॉर्ड्रॉप यांनीं 1809 सालींच मृत रोग्यांचे डोळे उघड्या नजरेनें तपासून लिहिलें होतें, आणि डोळा लवकर काढावा असाही आग्रह धरला होता. भूल देण्याची विद्या त्यानंतर कित्येक वर्षांनीं आली, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या आग्रहामागील धाडस कळतें.

घराबाहेर पडण्याची दुसरी वाट कोरॉइडमधून आहे. तेथें रक्त इतकें, कीं शिरलेल्या पेशींना रक्तप्रवाहांत उतरून हाडांच्या मगजापर्यंत जाणें कठीण पडत नाहीं. मात्र कोरॉइडमध्यें चार पेशी शिरल्या एवढ्यावरून मुलाला महिनोन्महिने विषारी औषधें द्यावींत काय? या प्रश्नावर निरनिराळ्या देशांत निरनिराळे मापदंड होते, त्यामुळें एका शहराचे आंकडे दुसऱ्याच्या आंकड्यांशीं जुळत नसत. 2009 सालीं अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं एकत्र बसून रेघ आंखली : कोरॉइडमधील पेशींचें बेट कोणत्याही दिशेनें मोजलें असतां तीन मिलिमीटर किंवा अधिक भरलें तर तें मोठें आक्रमण, त्याहून लहान तें किरकोळ. रेघ कोठें तरी आंखावीच लागते. अडीच मिलिमीटरवाल्या मुलाच्या बापाला ती पटवून देणें सोपें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

या विषयांतील सर्वांत अवघड व, खरें सांगावयाचें तर, सर्वांत मनोवेधक भाग पुढेंच आहे. गांठ मऊ. डोळा चिरतांना, किंवा संशोधनासाठीं तिचा ताजा तुकडा काढून घेतांना, तिचे कण सर्वत्र उधळतात. कोरॉइडच्या फटींत, श्वेतपटलाच्या बाहेर, मज्जातंतूच्या आवरणांतसुद्धां ते जाऊन पडतात आणि रंगविल्यावर खऱ्या आक्रमणाइतकेच निळे दिसतात. रोग गेला काय, कीं सुरी गेली? दोहोंतील भेद ओळखणें हें अनुभवी डोळ्याचें काम आहे. खरें आक्रमण एकसंध बेटासारखें असतें. तें आपल्या वाढीनें आसपासचे तंतु बाजूला रेटतें, त्यांना वांकवितें, आणि त्याचा आंतला भाग जिवंत असतो. उधळलेले कण मात्र विखुरलेले, पुष्कळदां मेलेले, फटींत नुसते येऊन टेकलेले. त्यांनीं कोणाला रेटलेलें नसतें. दिवाळींत उडालेली ठिणगी अंगणांत पडली म्हणून घराला आग लागली असें होत नाहीं, तद्वत्. पण हा भेद ज्यास करतां येत नाहीं तो दोन्हीं बाजूंनीं चुकतो. कणांना आक्रमण समजला तर एका निरोगी होऊं घातलेल्या मुलाला सहा महिने औषधांचा मार बसतो, त्याचे केंस जातात, पांढऱ्या पेशी उतरतात, कधीं ऐकूं येणेंही कमी होतें. आक्रमणाला कण समजला तर मूल घरीं जातें, आईबाप पेढे वांटतात, आणि रोग परत येतो. या कारणास्तव जेथें असे डोळे वारंवार येतात तेथेंच ते तपासले जावेत, किंवा निदान कांचपट्ट्या तरी तेथें दुसऱ्या मतासाठीं पाठवाव्यात, या मताकडे वैद्यकाचा कल आहे. कांचपट्टी टपालानेंही जाते. मुलाला हिंडविण्यापेक्षां तें पुष्कळ बरें.

अहवालांत धोक्याच्या खुणा आढळल्या म्हणजे पाठीच्या कण्यांतील पाणी व हाडांतील मगज तपासून घेतात आणि मग औषधयोजना सुरू होते. ही योजना साधारणतः तीन द्रव्यांची असते. त्यांपैकीं एक व्हिंक्रिस्टीन. तें सदाफुलीपासून निघतें. लालबागच्या कोणत्याही चाळीच्या गॅलरींत डब्यांत लावलेली ती गुलाबी-पांढरी सदाफुली! दुसरें, एटोपोसाइड, पोडोफायलम जातीच्या वनस्पतींतील द्रव्यापासून तयार करतात. तिसरें, कार्बोप्लॅटिन, प्लॅटिनम धातूचें संयुग आहे. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सामान्यतः सहा वेळां हीं देतात. तंतूच्या कापलेल्या टोंकावर पेशी असल्या तर औषधें अधिक जालीम करावीं लागतात व खांचेवर किरणांचा उपचारही द्यावा लागतो. म्हणजे कांचपट्टी नुसतें भविष्य सांगत नाहीं, तर त्या भविष्यांत हात घालावयाचा कीं नाहीं हेंही तीच ठरविते. ज्योतिष आणि साध्यासाध्यविचार यांत हाच फरक.

मोठ्या माणसांच्या डोळ्यांत होणाऱ्या मुख्य कर्करोगाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. कोरॉइडमधील काळ्या रंगाच्या पेशींपासून होणारा हा मेलॅनोमा गोऱ्या लोकांत अधिक व आपल्याकडे क्वचित् आढळतो. येथें मात्र पेशीचा चेहरा बोलतो. अमेरिकन लष्कराचे रोगविज्ञ जॉर्ज कॅलेंडर यांनीं 1931 सालीं अशा 111 डोळ्यांचा अभ्यास करून पेशींच्या जाती लाविल्या. चातीच्या आकाराच्या, निमुळत्या, एकमेकींस बिलगून राहणाऱ्या पेशी ज्या गांठींत होत्या त्यांचे रोगी दीर्घकाळ जगले. ज्यांत फरसबंदीच्या लाद्यांसारख्या मोठ्या, बहुकोनी, एकमेकींपासून सुटलेल्या पेशी होत्या त्यांचे रोगी लवकर दगावले. दोन्ही जाती मिसळलेल्या असल्या तर परिणाम मधला. पुढें असेंही ठरलें कीं सर्वांत सडपातळ चातीच्याच पेशी असलेल्या कित्येक गांठी वस्तुतः कर्करोगच नव्हत, निरुपद्रवी तीळच होते. केंद्रकाच्या आंत जी गोल केंद्रिका असते, ती किती मोठी व तिचा आकार पेशीगणिक किती बदलतो, हें मोजूनही भविष्य वर्तविण्यांत आलें; आणि 1990 नंतर गांठीतील रक्तमार्गांभोंवतीं दिसणाऱ्या जाळीदार वेटोळ्यांकडे लक्ष वेधलें गेलें.

या रोगाचा स्वभाव कपटी आहे. डोळ्याच्या आंत लसिकावाहिन्या नाहींत, म्हणून तो रक्तावाटे जातो आणि बहुधा यकृतांत घर करतो. तेंही कधीं कधीं डोळा काढल्यावर दहा-पंधरा वर्षांनीं. त्यामुळें पेशीच्या चेहऱ्यावर विसंबणें पुरेसें वाटेना. 1996 सालीं जर्मनींतील संशोधकांनीं दाखविलें कीं ज्या गांठीच्या पेशींत तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या जोडींतील एक हरवलेलें असतें, तीच प्रायः यकृतांत जाते. ज्यांत जोडी शाबूत ती सहसा जात नाहीं. कॅलेंडर यांना लाद्यांच्या आकारांत जें दिसलें होतें, त्याचेंच मूळ बव्हंशीं या हरवलेल्या गुणसूत्रांत होतें. जुनी खूण खोटी ठरली नाहीं. तिच्या मागची खूण सांपडली, इतकेंच.

ओघांत आणखी एका रोगाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो आपल्या घरांतल्या आजीबाईंचा आहे. पापणीवर रांजणवाडी होते, शेक देऊन किंवा चिरून ती जाते, आणि पुनः त्याच जागीं येते. साठीच्या पुढील माणसास एकाच जागीं वारंवार येणारी रांजणवाडी ही पापणींतील तैलग्रंथींचा कर्करोग असूं शकते. पाश्चात्यांत तो विरळा. भारतांत व आशियांतील इतर देशांत पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा पुष्कळ मोठा आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या पेशी तेलाच्या थेंबांनीं फेंसाळलेल्या दिसतात. येथील अशुभ खूण अशी, कीं कांहीं पेशी मूळ गांठ सोडून पापणीच्या आंतील नाजुक आवरणांत एकेकट्या पसरतात, भिंतींत वाळवी जावी तशा. सर्जनाला गांठ संपली असें वाटतें तेथें त्या संपलेल्या नसतात. म्हणून दुसऱ्यांदा चिरलेल्या रांजणवाडीचा तुकडा बाटलींत घालून तपासणीस पाठविण्याचा आग्रह घरच्या मंडळींनींच धरला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

पुनः मुलांकडे वळूं. त्यांच्या रोगाबद्दल एक गोष्ट कोणतीही कांचपट्टी सांगूं शकत नाहीं, ती म्हणजे हा रोग वंशांतून आला कीं त्या डोळ्यापुरता उद्भवला. अमेरिकेंतील आल्फ्रेड नड्सन यांनीं 1971 सालीं अवघ्या 48 रोग्यांचीं वयें व गांठींची संख्या मांडून असा तर्क केला कीं, पेशी बिघडण्यास दोन आघात लागतात. ज्या मुलांस पहिला आघात जन्मतःच मिळालेला असतो त्यांना रोग लवकर व पुष्कळदां दोन्ही डोळ्यांत होतो. 1986 सालीं तेराव्या गुणसूत्रावरील ती जनुक हातीं लागली आणि तर्काचें ज्ञान झालें. आतां रक्त तपासून पहिला आघात जन्मजात आहे कीं काय हें बहुधा सांगतां येतें. तसा असला तर दुसरा डोळा, पाठचीं भावंडें, आणि पुढें त्या मुलाचीं मुलेंही जन्मापासून तपासावीं लागतात; मोठेपणीं हाडांच्या कर्करोगाचीही भीति राहते. सुनेला किंवा मुलीला दोष देण्याची आपल्याकडील जुनी खोड येथें फार घातक ठरते, कारण दोष लागेल म्हणून रक्त देण्याचें टाळलें जातें आणि पाठच्या भावंडाचा डोळा तपासावयाचा राहून जातो. हा पहिला आघात बापाकडूनही येतो. आणि बहुतेक वेळां तर तो आईकडे वा बापाकडे नसतोच, मुलांतच प्रथम घडलेला असतो.

गेल्या कांहीं वर्षांत एक चमत्कारिक अडचण उभी राहिली आहे, आणि ती यशामुळें आली आहे. औषधें डोळ्याच्याच रक्तवाहिनींत नळी घालून सोडणें, सुईनें डोळ्याच्या आंत टोंचणें, लेझरनें गांठ जाळणें, अशा उपायांनीं पूर्वीं काढावे लागत असे पुष्कळ डोळे आतां राखतां येतात. पण राखलेला डोळा चिरतां येत नाहीं. तंतूची चाळणी, कोरॉइडची तीन मिलिमीटरांची रेघ, सर्व कांहीं बंद घरांत राहतें. इतर गांठींप्रमाणें सुई घालून पेशी काढून पाहाव्यात, तर या रोगांत तें निषिद्ध. सुईच्या भोंकातून रोग बाहेर सांडण्याची भीति असते. म्हणून मोठ्या गांठीचा डोळा राखावयाचा कीं काढावयाचा हा निर्णय अधिकच अवघड झाला आहे. डोळ्याआड खरोखर काय चाललें आहे याचा अंदाज चुंबकीय तपासणीच्या चित्रांवरून बांधतात, पण चाळणीपलीकडे गेलेल्या मूठभर पेशी त्या चित्रांत दिसत नाहींत.

यावर एक वाट 2017 सालीं लॉस एंजेलिस येथें सांपडली. डोळ्यांत औषध टोंचण्यापूर्वीं आंतील दाब उतरविण्यासाठीं बाहुलीपुढील पाण्याचा थोडा अंश काढून घेतात. तो पूर्वीं फेकून दिला जात असे. त्या पाण्यांत गांठीच्या मेलेल्या पेशींतून सुटलेले जनुकद्रव्याचे धागे तरंगत असतात, आणि ते वाचतां येतात, असें तेथील नेत्रवैद्यांनीं दाखविलें. सहाव्या गुणसूत्राचा एक भाग त्यांत वाजवीपेक्षां अधिक आढळला तर तो डोळा राखणें कठीण जातें, असें त्यांच्या पुढील अभ्यासांत दिसून आलें. हें काढलेलें पाणी असतें एका मिलिलिटराच्या सुमारें दहाव्या भागाइतकें, म्हणजे दोन-तीन थेंब.